समोरासमोरचे दोन थांबे

आमच्या हिला सगळे बसमावशी म्हणतात. शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवायचं, उतरवायचं, कोणाचा डबा कोणी पळवला त्याचा निवाडा करायचा, ओकाऱ्या पुसायच्या, आणि हे सगळं चालत्या गाडीत, उभ्यानं. या कामात तिचे केस पांढरे झाले आणि माझे गळाले. माझे का, तर घरी आल्यावरही तिचा आवाज बसमधलाच असतो. मी खिडकीशी नुसता वारा खात उभा असलो तरी मागून हुकूम येतो, "अहो, हात आत घ्या."

कामात तिचा एक नियम आहे. पोराचा हात दुसऱ्या हातात गेल्याशिवाय आपला सोडायचा नाही, आणि तो दुसरा हात ओळखीचा पाहिजे. एकदा एका मुलाचा सख्खा काका त्याला उतरवून घ्यायला आला होता. चांगला सुटाबुटातला, मोठ्या हुद्द्यावरचा माणूस. हिनं त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. पोरगं "काका, काका" म्हणून उड्या मारत होतं, तरी हिनं त्याला परत शाळेत नेलं आणि आईला बोलावून घेतलं. काकांनी शाळेच्या मोठ्या बाईंकडे तक्रार केली. ही म्हणाली, ते काका असतील, माझ्या ओळखीचे नाहीत. मोठ्या बाई हसल्या आणि तक्रार तिथंच मिटली.

मी किल्ल्या बनवतो आणि कुलपं दुरुस्त करतो. दुकान हमरस्त्यावरच आहे. रस्त्याच्या अलीकडे आमची वस्ती, पलीकडे त्यांची. बसचे दोन थांबे अगदी समोरासमोर. बस आधी पलीकडची मुलं घेते, पुढच्या चौकाला वळसा घालून येते आणि मग अलीकडची घेते. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

मग ती भांडणं झाली. कशावरून सुरू झाली ते आता कोणालाच धड सांगता येत नाही. कोणी म्हणतं हातगाडी लावण्यावरून, कोणी म्हणतं पोरांच्या खेळावरून. दोन्हीकडची दुकानं जळाली, डोकी फुटली, आणि उभ्या असलेल्या आमच्या बसवर दगड आला. आत मुलं नव्हती, नशीब. पण ड्रायव्हरच्या कपाळाला टाके पडले. नंतर सगळं शांत झालं, म्हणजे लोक एकमेकांकडे बघायचे बंद झाले. माझा धंदा मात्र असा काही वाढला की विचारू नका. जो तो दाराला दुसरं कुलूप लावायला निघाला. ही म्हणायची, तुमचं बरंय बाई, लोक जितके घाबरतील तितकी तुमची चांदी. खरंच होतं ते.

शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा मोठ्या बाईंनी हिला बोलावून सांगितलं की आता दोन फेऱ्या करू. आधी एका बाजूची मुलं, मग दुसऱ्या बाजूची. पालकच तसं म्हणत होते. मला तर ते शहाणपणाचं वाटलं. आमची नात ठकी त्याच बसनं जायची. मुलगा परगावी नोकरीला, सून दवाखान्यात कामाला, आणि ठकीला थांब्यावर सोडायचं-आणायचं काम माझ्याकडे. तो दगड पडल्यापासून त्या बसचा मला भरवसा वाटेनासा झाला होता. वेगळी बस तर वेगळी बस, म्हटलं, पोर सुखरूप आली म्हणजे झालं.

पण ही घरी आली ती धुमसतच. म्हणाली, एकदा दोन फेऱ्या झाल्या की उद्या दोन वर्ग होतील, परवा दोन शाळा. ही पोरं एकमेकांच्या डब्यात हात घालून मोठी होतायत, ती एकमेकांना ओळखेनाशी होतील. तिनं मोठ्या बाईंकडून मुदत मागून घेतली. दोन्ही थांब्यांवर भरवशाची माणसं उभी करते, म्हणाली. तसं केलं आणि सगळं सुरळीत चाललं तरच बस एक राहील, नाहीतर नाही. बाईंनी नाखुशीनं मान डोलावली.

शांतता समिती तशी गावात एक होतीच. तीत मोठी मोठी माणसं होती. त्यांनी सभागृहात बसून हात मिळवले होते, फोटो काढून घेतले होते, आणि दगड पडले त्या दिवशी सगळ्यांचे फोन बंद होते. हिला तसली माणसं नको होती. सकाळ-दुपार थांब्यावर उभी राहतील, आणि काही कानावर आलं की आपल्या माणसांना सांगायच्या आधी पलीकडच्या जोडीदाराला फोन करून खरं-खोटं विचारतील, अशी हवी होती.

मग बस सुटली की ही दारोदार. माणसं निवडायची तिची रीतही तिच्यासारखीच. घरात जायची, चहा घ्यायची आणि सहज विचारायची, "काल काय झालं म्हणे?" समोरचा रंगवून रंगवून सांगायला लागला की विचारायची, "तुम्ही पाहिलं?" नाही म्हटलं तरी जो तसंच पुढं सांगत राही, त्याचा चहा संपवून ही उठायची. "मला काय माहीत बाई, मी कुठं पाहिलं?" असं जो म्हणेल त्याला ही चिकटायची. अशी माणसं किती निघतात बघा करून एकदा. त्यात पुन्हा सबबी. निवृत्त मास्तरांना गुडघे आठवले. शिंपीणबाई म्हणाल्या नवऱ्याला विचारते, नवरा म्हणाला तिलाच विचारा. पण बसमध्ये चाळीस पोरांना गप्प बसवणारी बाई ती. मास्तरांसाठी तिनं थांब्यावर खुर्ची ठेवली आणि शिंपीणबाईंना नवऱ्यासकट घेतलं. पलीकडेही अशीच चार माणसं गाठली. पलीकडे जाताना मी म्हणायचो, निदान मला बरोबर ने. ती म्हणायची, तुम्ही आलात की दोन माणसं होतील, लोक दार लावून घेतील.

मला तिनं विचारलं नाही. माझं दुकान म्हणजे गप्पांचा अड्डा. कुलूप हातात घेतलं की माझं तोंड सुटतं, आणि न पाहिलेल्या कितीतरी गोष्टी मी तिथं बसून सांगितल्या आहेत. तिला ते ठाऊक होतं. तिनं विचारलं नाही म्हणून मला हायसंही वाटलं आणि रागही आला. चार दिवस जेवताना मी तोंडाला कुलूप लावून बसलो होतो. तिच्या लक्षातही आलं नसावं.

पहिल्या दिवशी सकाळी दोन्ही थांब्यांवर माणसं उभी राहिली. शिंपीणबाईंनी सगळ्यांसाठी हिरवे पट्टे शिवले होते. अलीकडची माणसं अलीकडच्या मुलांपाशी, पलीकडची पलीकडच्या मुलांपाशी. मी ठकीचा हात धरून उभा होतो. छान वाटत होतं सुरुवातीला. मग चार माणसं का उभी आहेत ते बघायला आणखी दहा आली. समोर गर्दी दिसली म्हणून आमच्याकडे आणखी वीस आली. आमची वीस बघून तिकडे पन्नास. कोणीतरी म्हणालं, त्यांनी बघा एकसारखे पट्टे बांधलेत. आमच्याही खांद्यावर तेच पट्टे होते, पण ते कोण बघतो? मास्तर खुर्चीतून उठून "घरी जा, घरी जा" म्हणून ओरडत होते, त्यांचं कोणी ऐकेना. दोन्ही बाजूंनी नुसते डोळे रोखलेले. आणि तेवढ्यात बस आली. ड्रायव्हरनं दोन्हीकडचा जमाव पाहिला, त्याच्या कपाळाचे टाके अजून ओले होते, त्यानं न थांबता गाडी सरळ पुढं काढली. दारातून हिचा हात बाहेर आलेला मला दिसला आणि बस गेली.

पुढचं काय सांगू? बस का थांबली नाही, त्यांनीच थांबू दिली नाही, अशी आमच्याकडे आवई उठली. तिकडे नेमकी उलटी उठली असणार. एक शटर खाली आलं, त्यामागून दुसरं, मग सगळी. मी ठकीला काखोटीला मारून पळालो. माझी एक चप्पल रस्त्यातच राहिली. घरी आल्यावर दाराची दोन्ही कुलपं लावली, कडी घातली, आणि ठकीला मांडीवर घेऊन पलंगावर बसलो. सुदैवानं त्या दिवशी एकही दगड उचलला गेला नाही. पण मोठ्या बाईंनी सांगून टाकलं, झालं तेवढं पुरे. सोमवारपासून दोन फेऱ्या.

ही घरी आली आणि ओट्याशी मटार सोलत बसली. दाणे टरफलांच्या भांड्यात आणि टरफलं दाण्यांच्या भांड्यात पडत होती. मी उगाच म्हणालो, जाऊ दे, तू केलंस तेवढं कोण करतं? तिनं ऐकलंच नाही. थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "ओळखीचाच हात पाहिजे, ओळखीचाच हात पाहिजे. तेच करत बसले मी. ज्याचं पोर त्याच्याच हातात ठेवलं. मग ती माणसं राखणदार झाली हो. राखणदार समोरासमोर उभे केले की काय होणार?"

मग तिनं जे सांगितलं ते ऐकून माझं धाबं दणाणलं. तिला अदलाबदल करायची होती. पलीकडची माणसं अलीकडच्या थांब्यावर उभी राहतील आणि आमची मुलं बसमध्ये चढवतील, आमची माणसं तिकडे जाऊन त्यांची चढवतील. मुलं घेऊन येणाऱ्यांनी तेवढा वेळ गल्लीतच थांबायचं, रस्त्यावर यायचं नाही. दुसऱ्याचं पोर हातात असलं की कोणी दगड उचलणार नाही आणि कोणाला उचलूही देणार नाही, असा तिचा हिशोब.

हे सांगितल्यावर तिची निवडून आणलेली माणसंच बिथरली. उभं राहायला कोणाची ना नव्हती. पण आपलं पोर त्यांच्या हातात? शिंपीणबाई रडायलाच लागल्या. मास्तर म्हणाले, तुमचं बरोबर आहे, पण आधी कोणीतरी करून दाखवा. घोडं तिथंच अडलं. रविवारी सकाळी ही पुन्हा पलीकडे गेली, आणि आली ती सुनेला आणि मला समोर बसवूनच बोलायला लागली. पलीकडचा एक बाप तयार झाला होता. त्याची मुलगी ठकीच्याच वर्गात होती. उद्या तो अलीकडे येऊन ठकीला बसमध्ये चढवेल, दुपारी उतरवून घेईल, आणि त्याच्या मुलीपाशी आपल्यातलं कोणीतरी उभं राहायचं. सकाळी आधी फक्त या दोघींना न्यायचं, बाकीची मुलं नंतर; ते जमलं तर बाई दोन फेऱ्यांचं थांबवणार होत्या.

कोण तो, मी विचारलं.

पंक्चरवाला, ती म्हणाली.

मी उठून उभा राहिलो. त्या पंक्चरवाल्याला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ऐकीव नाही, या डोळ्यांनी. बसवर दगड आला त्या दिवशी मी शटर ओढत होतो आणि तो समोर त्याच्या दुकानाबाहेर उभा होता, हातात नारळाएवढा दगड घेऊन. फेकताना नाही पाहिलं. तेवढ्यात मी शटर लावलं होतं. पण दगड पाहिला, आणि त्यानंही मला पाहिलं. तेव्हापासून तो समोरून दिसला की मी मान खाली घालून किल्ली घासत बसायचो. हे सगळं मी हिला सांगितलं, आणि कधी नव्हे ते माझा आवाज चढला. या माणसाच्या हातात ठकी? वेड लागलंय का तुला?

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्यानंच सांगितलं. उचलला होता म्हणाला. फेकला नाही म्हणाला. ते खरं की खोटं मला माहीत नाही, मी पाहिलं नाही."

"मग?"

"त्याच्या मुलीपाशी कोण उभं राहणार ते त्यानंच ठरवलंय. त्याला तुम्ही हवे आहात. म्हणाला, किल्लीवाल्यानं मला पाहिलंय, तो मला घाबरतो. त्याची नात माझ्याजवळ असली तर माझ्या पोरीला तो डोळ्यांत तेल घालून जपेल."

मी म्हणालो, अगं, याला ओलीस ठेवणं म्हणतात. ती म्हणाली, म्हणू दे काही, पण तो येतोय. आणि मग ती सुनेकडे वळली. म्हणाली, पोर तुझी आहे. तू नको म्हणालीस तर मी पुन्हा विषय काढणार नाही, दोन फेऱ्या तर दोन फेऱ्या.

दवाखान्यात दोन्हीकडची फुटलेली डोकी सुनेनं पाहिली होती. मला वाटलं, आता ही नाही म्हणेल आणि सुटेन मी. पण तिनं हिला विचारलं, "आई, बसच्या दारात तुम्ही असाल ना?"

"मी असेन."

"मग जाऊ दे तिला," सून म्हणाली आणि उठून आत गेली. आत जाऊन ती रडली असणार. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

सोमवारी सकाळी सून ठकीला घेऊन आमच्या थांब्यावर उभी राहिली. ही पहाटेच शाळेत गेलेली. मी रस्ता ओलांडून पलीकडे निघालो, तेव्हा समोरून तो येत होता. मधोमध आम्ही एकमेकांजवळून गेलो. मी बघितलं नाही. त्यानंही नसावं. पलीकडच्या थांब्यावर त्याची बायको मुलीला घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे असं काही पाहिलं की दगड मीच उचलला होता असं मला वाटायला लागलं. तिनं मुलीचा हात माझ्या हातात दिला, पण सोडेना. आम्ही दोघं तो इवलासा हात धरून उभे. शेवटी मुलगीच म्हणाली, "आई, जा ना." तेव्हा ती गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबली.

मुलीचे पुढचे दोन दात पडलेले होते. ती मला पडलेल्या दाताबद्दल काहीतरी सांगत होती आणि मी हो हो म्हणत समोर बघत होतो. समोर ठकी त्याचा हात धरून उभी होती. एवढा मोठा काळा हात, ग्रीसनं माखलेला. सुनेनं तिचा गणवेश कडक इस्त्री करून दिला होता आणि मला त्या परिस्थितीत काय सुचावं, तर आता डाग पडणार. दोन्ही गल्ल्यांच्या तोंडाशी माणसं होती, पण रस्त्यावर कोणी नव्हतं. बस येईना. मी रस्त्याच्या टोकाकडे बघायचो, मग ठकीकडे, मग पुन्हा टोकाकडे. जीव नुसता टांगणीला लागला होता.

तेवढ्यात शटर वाजलं. खाडकन.

आयुष्य गेलं माझं कुलपं आणि शटरं दुरुस्त करण्यात, पण त्या क्षणी ते वर गेलं की खाली आलं, मला सांगता आलं नसतं. दोन्ही गल्ल्यांतली माणसं एक एक पाऊल पुढं आली. मी काय केलं ते मला नंतर कळलं. मी त्या मुलीला माझ्या पाठीमागे ओढलं होतं आणि तिच्यापुढं हात पसरून उभा होतो. आणि समोर पाहिलं तर ठकी दिसेना. मग तिचं दप्तर दिसलं. पंक्चरवाल्याच्या पायांमागून तेवढंच बाहेर आलेलं. तोही तसाच उभा होता, हात पसरून. आम्ही एकमेकांकडे बघत होतो. भांडणानंतर पहिल्यांदाच मी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि माझ्या लक्षात आलं की हा माणूस माझ्यापेक्षाही जास्त घाबरलेला आहे.

न्हाव्यानं दुकान उघडलं होतं, दुसरं काही नाही. माणसं पुन्हा मागे सरली. "आजोबा," मुलगी म्हणाली, "माझा हात दुखतोय." मी पकड जरा सैल केली.

मग बस आली. या वेळी ड्रायव्हर थांबला. दारात ही उभी. तिनं खाली वाकून मुलीचा दुसरा हात धरला आणि मुलगी पायरीवर चढली, तरी माझा हात काही सुटेना. ही माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "अहो, मी धरलंय तिला. सोडा आता."

मी सोडला. बस चौकाला वळसा घालून गेली आणि समोरच्या थांब्यावर, माझ्या आणि ठकीच्या मध्ये, येऊन उभी राहिली. मला नुसती बस दिसत होती. किती वेळ उभी होती देव जाणे. अहो, एका पोरीला चढवायला इतका वेळ? मग ती हलली. थांबा मोकळा होता. ठकी नव्हती. पंक्चरवाला एकटा उभा होता आणि त्यानं दोन्ही हात वर करून, पंजे उघडून मला दाखवले. रिकामे होते.

मीही माझे हात वर केले. तेव्हा मला दिसलं की माझ्या डाव्या हातात त्याच्या मुलीची पाण्याची बाटली तशीच राहिली आहे.

तो रस्ता ओलांडून आला. माझ्यासमोर थांबला आणि बाटलीकडे बघत राहिला. मी ती पुढं केली. म्हटलं, गडबडीत राहिलीच बघा.

त्यानं घेतली नाही. "तुमच्याजवळच ठेवा," तो म्हणाला. "दुपारी तुम्हीच द्या तिला. मी तुमच्या बाजूला असणार ना."